उसने कान

ओव्हाळ पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी स्पीकरकडे पाहिलंसुद्धा नाही. दारात चपला काढल्या, खोलीभर नजर फिरवली आणि मग बोटाच्या पेरांनी भिंत वाजवून पाहिली. दोनतीन ठिकाणी वाजवून म्हणाले, "ही भिंत आर्ध्या इटेची हाय. पलीकडं कोण ऱ्हातं?"

"एक जोडपं आहे. तान्हं मूल आहे त्यांना."

"मंग लई वॉट नगंतच तुमाला," ते म्हणाले आणि सतरंजीवर मांडी घालून बसले.

तेव्हा मी चिंचवडला दोन खोल्यांत राहत होतो आणि पिंपरीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात कामाला होतो. कंपनीत तीन वर्षं राहिलेला एक परदेशी इंजिनियर मायदेशी परत गेला. जाताना त्याच्या घरातलं सामान कामगारांना स्वस्तात द्यायचं ठरलं आणि कँटीनमध्ये चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. कुणाला फ्रिज लागला, कुणाला खुर्च्या लागल्या. मला दोन स्पीकर लागले. सागवानासारख्या लाकडाच्या पेट्या, पुढं तपकिरी जाळीचं कापड. त्यांना आवाज देणारा अ‍ॅम्प्लिफायर मात्र तो साहेब बरोबर घेऊन गेला होता. दोन महिने ते स्पीकर आमच्या बाहेरच्या खोलीत मुके उभे होते. माझी बायको नलिनी त्यांच्यावर तांदूळ निवडायचं ताट ठेवायची. मी ज्याला त्याला विचारत होतो की यांना अ‍ॅम्प्लिफायर कुठला घेऊ, आणि जो तो सांगत होता, तीस वॉटच्या खाली बघू नका. शेवटी कँटीनचा मुकादम म्हणाला, "देसाईसाहेब, कशाला दहा जणांना विचारता? सबस्टेशनमधल्या ओव्हाळला विचारा."

सबस्टेशन म्हणजे कारखान्याची वीज जिथून वाटली जाते ती खोली. ओव्हाळ तिथले इलेक्ट्रिशियन होते. पंचेचाळिशीचे, उंच, खांद्यात किंचित वाकलेले. मूळचे मावळातले. तरुणपणी देहूरोडला लष्कराच्या वर्कशॉपात वायरलेसचे सेट पुसण्याच्या कामावर लागले आणि पुसता पुसता दुरुस्ती शिकले. शाळा सातवीत सुटलेली. पण एखादा रेडिओ वाजायला लागला की त्यातलं काय बिघडलंय ते उघडून बघायच्या आधी सांगायचे. ऐकताना ते डोळे मिटत नसत. मान खाली घालून जमिनीकडे बघत राहत. कुणी मधे बोललं तर रागावत नसत, नुसता तळहात वर करत.

त्या दिवशी त्यांनी पिशवीतून मीटर काढला, स्पीकरच्या तारांना टेकवला. "सहाच्या वर दावतोय. मीटर जरा कमीच दावतो, म्हंजे आठ ओहमचा. अ‍ॅम्प्लिफायरबी आठचाच लागंल. ध्येनात ठेवा, आठ." मग टॉर्चचा एक सेल काढून तो तारांना क्षणभर लावला. आतला कागदी पडदा टपकन पुढे आला. "ह्यो श्वास घेतोय. दुसऱ्यानंबी त्याच टायमाला घ्यायला पायजे. न्हाईतर एक बोलावतोय अन् एक हाकलतोय, आसं हुतं. मंग लोक म्हणत्यात, अ‍ॅम्प्लिफायर बेकार हाय."

मी तीस वॉटचं काढलं. ते म्हणाले, "वॉट इकणाऱ्याचे आसत्यात, सायेब. कान घेणाऱ्याचे. हे स्पीकर थोडक्यात पोट भरणारे हायेत. ह्या खोलीत धा वॉट रग्गड झाले."

पुढच्या गुरुवारी, म्हणजे आमच्या सुटीच्या दिवशी, आम्ही पुण्याला बुधवार पेठेत गेलो. तिथल्या गल्लीतल्या दोन दुकानांत चकचकीत अ‍ॅम्प्लिफायर मांडलेले होते. दुकानदारानं एक लावला आणि आवाजाचं बटण पार फिरवलं. मी खूश झालो. ओव्हाळांनी हात पुढं करून बटण मागं आणलं, इतकं मागं की गाणं जेमतेम कळावं. जमिनीकडे बघत दोन मिनिटं ऐकलं. "हळू आवाजात ज्याचं बोलणं समजतं त्यो चांगला. मोठ्यानं काय, पत्र्याचा डबाबी वाजतो," म्हणाले आणि दुकानाच्या पायऱ्या उतरले. दुपारपर्यंत असंच चाललं. शेवटी एका दुरुस्तीवाल्याच्या फळीवर, धुळीत, त्यांना एक जुना वॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर सापडला. बारा वॉटचा. मागं चार, आठ आणि सोळा ओहमच्या स्पीकरांसाठी वेगळे स्क्रू होते. त्यांनी बोटानं आठ आकड्यावरची धूळ पुसली. मी बाजूला काढलेल्या पैशांतले निम्मेच लागले.

"उरलेल्याचं काय करू? आणखी काही घ्यायला हवं का?" मी विचारलं.

"वहिनींना कायतरी न्या की. त्या तांदूळ कशावर निवडनार आता?"

आम्ही प्रेशर कुकर घेऊन घरी आलो. संध्याकाळी अ‍ॅम्प्लिफायर लावला, आणि नलिनी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर येऊन उभी राहिली ती गाणं संपेपर्यंत तशीच. आवाज मोठा नव्हता. पण गाणारी बाई खोलीत कुठं उभी आहे ते कळत होतं. पलीकडचं मूल उठलं नाही.

असे त्यांनी कितीतरी जणांना अ‍ॅम्प्लिफायर निवडून दिले. कुणाकडून काही घेत नसत. चहा मात्र बशीत ओतून दोनदा घेत. त्यांच्या काळेवाडीच्या घरी मी एकदाच गेलो. पत्र्याचं छप्पर, पण आत सगळं लखलखीत. कोपऱ्यात पांढऱ्या कापडाखाली दोन उंच पेट्या होत्या. कंपनीत यंत्रं ज्या खोक्यांतून येत त्यांच्या फळ्यांना रंधा मारून त्यांनी त्या केल्या होत्या. सांधे दिसत नव्हते. आतले स्पीकर मिळवायला त्यांना चारपाच वर्षं लागली होती. त्यांना जोडायला अ‍ॅम्प्लिफायर मात्र नव्हता. दुसऱ्याला दोन तासांत निवडून देणाऱ्या माणसाला स्वतःसाठी एकही पसंत पडत नव्हता. जो पसंत पडे तो परवडत नसे.

"दोन नवऱ्या नटवून बसवल्यात घरात," त्यांची बायको शांताबाई म्हणाली, "अन् नवरदेवाचा पत्ता न्हाई."

ओव्हाळ हसले. "येईल. घाई केली की चुकीचं स्थळ येतंय."

पुढं कंपनीत एक नवे मॅनेजर आले. त्यांनी घरी मोठा थोरला सेट आणला आणि एका गुरुवारी सात-आठ जणांना ऐकायला बोलावलं. मी होतो. ओव्हाळांना वायरिंगसाठी बोलावलं होतं, ते दाराशी उभे होते. सगळ्यांनी वाहवा केली. मॅनेजर मजेत म्हणाले, "काय ओव्हाळ, तुम्ही यातले जाणकार म्हणे. बोला."

ओव्हाळांनी मागं जाऊन जोडणी पाहिली. "सायेब, स्पीकर चार ओहमचे हायेत. अ‍ॅम्प्लिफायर आठच्या खाली वढायचा न्हाई. आता थंडी हाय म्हणून चालतंय. उन्हाळ्यात जळंल."

मॅनेजरांच्या बायकोनं चिवड्याच्या बशा फिरवल्या. मे महिन्यात, पाहुण्यांनी भरलेल्या घरात, तो अ‍ॅम्प्लिफायर धूर काढून बंद पडला. जूनमध्ये ओव्हाळांची बदली सबस्टेशनमधून फोर्जशॉपमध्ये झाली. दोन्हींचा संबंध आहे असं कागदावर कुठं नव्हतं. तिथल्या मेंटेनन्सला अनुभवी माणूस हवा होता, एवढंच लिहिलं होतं.

फोर्जशॉप म्हणजे तापलेल्या लोखंडावर मोठमोठे हातोडे पडतात तो विभाग. तिथून आमचं ड्रॉइंग ऑफिस दोनशे पावलांवर, तरी हातोडा पडला की माझ्या कपातल्या चहावर वर्तुळं उठायची. ओव्हाळ त्या हातोड्यांच्या खाली आठ तास. ते कानात तेलात भिजवलेला कापूस घालून काम करायचे. बाकीचे त्यांना हसायचे. "हसू द्या," ते मला म्हणाले, "माझं बँकेतलं जे काय हाय ते हितं हाय," आणि कानाला हात लावला.

चार-पाच वर्षं गेली. ते गुरुवारी येत राहिले. मला फरक कळला नाही. तो नलिनीला कळला. आमच्या कपाटामागं एक रातकिडा शिरला होता आणि भरदिवसासुद्धा किर्र करत होता. तीन दिवस आम्ही हैराण होतो. ओव्हाळ येऊन बसले, बशीतला चहा प्याले आणि म्हणाले, "किती शांत हाय तुमच्याकडं. आमच्या डोक्यात हातोडा घरीबी चालूच ऱ्हातो."

नलिनीनं माझ्याकडे पाहिलं. ते गेल्यावर म्हणाली, "अहो, त्यांना तो किडा ऐकू आला नाही."

मी म्हणालो, "लक्ष नसेल."

पण मग माझंही लक्ष जायला लागलं. पूर्वी गाणं लागलं की ते जमिनीकडे बघायचे. आता आमच्या तोंडाकडे बघायचे. आणि विचारायचे. "वहिनी, झांजा सुट्या येत्यात का? सायेब, बांगडी वाजल्यागत काय लागतंय का वर?" आम्हाला वाटायचं, आपल्याला मान देतायत. आम्ही सांगायचो. ते मान हलवायचे आणि त्याप्रमाणे स्क्रू पिळायचे.

याच दिवसांत करंदीकर बाईंचं काम आलं. बाई मुलींच्या शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या, आमच्याच गल्लीत एकट्या राहायच्या. त्यांच्या एका विद्यार्थिनीनं परदेशातून दोन लहानसे, फार चांगले स्पीकर पाठवले होते. त्यांच्याकडे जुन्या तबकड्या होत्या. फंडाचे पैसे बरेचसे भावाच्या आजारपणात गेले होते. बाजारातला चांगला अ‍ॅम्प्लिफायर त्यांना झेपण्यासारखा नव्हता. मीच ओव्हाळांचं नाव सुचवलं.

"मी बांधून देतो," ओव्हाळ म्हणाले. जुन्या सामानातून त्यांनी ट्रान्सफॉर्मर निवडले, वॉल्व्ह निवडले आणि दीड महिना खपून एक अ‍ॅम्प्लिफायर तयार केला. हाताशी मीटर होता. बाकी भरवसा कानांवर.

तो लावायला गुरुवारी दुपारी ओव्हाळ, नलिनी आणि मी असे तिघं गेलो. बाई नऊवारी नेसून, काहीतरी समारंभ असल्यासारख्या बसल्या होत्या. तबकडी लागली. तंबोरा सुरू झाला आणि बाईंचे डोळे भरले.

"जवारी सुटी ऐकू येतीया?" ओव्हाळांनी विचारलं.

"येतेय हो," बाई म्हणाल्या. "अगदी शेजारी बसल्यासारखी."

मला तंबोरा ऐकू येत होता आणि त्याच्या वर, खूप वर, केसाएवढी बारीक एक शिट्टीही ऐकू येत होती. तबकडी संपली तरी ती थांबली नाही. नलिनीलाही ती ऐकू आली होती हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

ओव्हाळ माझ्याकडे वळले. "सायेब, वर शिट्टी-बिट्टी न्हाई ना? खरं सांगा."

त्यांच्या कपाळावर घाम होता. दीड महिना ते ड्यूटी करून घरी कंदिलासारख्या दिव्याखाली तारांना कथलाचे डाग देत बसले होते. बाई डोळे पुसत होत्या. मला वाटलं, इतकी बारीक गोष्ट, आत्ता कशाला.

"काही नाही," मी म्हणालो. "स्वच्छ आहे."

ते हसले. बऱ्याच महिन्यांनी हसले असतील.

तीन आठवड्यांनी बाईंचा निरोप आला. गाणारा उशीत तोंड घालून गातोय असं वाटतं म्हणे. मी ओव्हाळांना घेऊन गेलो. त्यांनी स्पीकर उघडले. उंच सूर काढणारा जो छोटा स्पीकर आत असतो, त्याची तार दोन्ही पेट्यांत जळून गेली होती. तसा स्पीकर इथं मिळण्यासारखा नव्हता. ते बराच वेळ ती काळी तार बोटावर घेऊन बसले. "आसं व्हायला नगं हुतं. दोन्ही एकदम कसे जातील?"

बाई बिचाऱ्या मदत करायला गेल्या. "एक सांगू का? ती बारीक शिट्टी पहिल्या दिवसापासून होती. मला वाटलं, नवीन यंत्राची असेल. आता तीही येत नाही."

ओव्हाळांनी वर पाहिलं. बाईंकडे नाही, माझ्याकडे.

परतताना आम्ही स्टेशनच्या रस्त्यापर्यंत चालत गेलो. बोलायला त्यांनीच सुरुवात केली.

"तुमाला ऐकू आली हुती?"

"हो."

"वहिनींना?"

"हो."

"मंग सांगितलं का न्हाई? त्या शिट्टीनंच तारा जाळल्या."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

ते थांबले. रस्त्यावरून कंपनीची बस गेली, ती जाईपर्यंत थांबले. "मला ऐकू येत न्हाई हे मला ठावं हाय, सायेब. दोन-तीन वर्सं झाली. कुनाला सांगितलं न्हाई, डॉक्टरनं अनफिट केलं तर घरी बसावं लागंल म्हणून. पन म्हणून तर तुमाला इचारत हुतो. तुमचे कान म्या उसने घेतले हुते. मीटरनं खोटं दावलं तर मानसानं काय करायचं?"

मी म्हणालो, माझं चुकलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते.

"मला वाईट वाटू नये म्हणून म्हातारीचं वाटोळं केलं आपुन दोघांनी," ते म्हणाले. 'आपुन दोघांनी' हे शब्द माझ्या अजून लक्षात आहेत. मला एकट्याला त्यांनी दोषी धरलं नाही. धरलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या गुरुवारी त्यांनी स्वतःच्या घरातले ते दोन स्पीकर हातगाडीवर घातले आणि काळेवाडीहून पूल ओलांडून बाईंकडे आणून लावले. अ‍ॅम्प्लिफायर आधी घरी नेऊन दुरुस्त केला होता. कसा, ते मला शांताबाईनं नंतर बाजारात भेटल्यावर सांगितलं. ते एकेक जागी डाग देत होते आणि ही समोर बसून सांगत होती, हाय, शिट्टी हाय, आजून हाय, आता गेली.

"मला म्हणले, तुला जे ऐकू येतंय ते सांग, मला बरं वाटावं म्हणून सांगू नगंस," ती म्हणाली. मग पिशवीतली मेथी सारखी करत राहिली. "कोपरा मोकळा मोकळा दिसतोय बगा घरातला."

बाईंना नवे स्पीकर मोठे आणि जरा बेढब वाटले, पण आवाज आवडला. ओव्हाळांच्या घरातले ते एवढेच स्पीकर होते हे त्यांना कधी कळलं नाही. मी सांगितलं नाही. एकदा गप्प बसायची सवय लागली की पुढच्या वेळी ते सोपं जातं.

ओव्हाळ त्यानंतर आमच्याकडे आले नाहीत. गेटवर दिसले तर हात वर करायचे. नलिनीनं दोनदा निरोप पाठवला, एकदा पुरणपोळ्या पाठवल्या. डबा धुऊन, आत गूळ घालून परत आला. वर्षभरानं कंपनीत तपासणी झाली, त्यात त्यांचं बहिरेपण उघड झालं आणि त्यांना मुदतीआधी घरी बसवलं. निरोपसमारंभ झाला नाही, कारण ती निवृत्ती नव्हती. त्यांचं लॉकर रिकामं करताना कापसाची गुंडाळी निघाली, ती फोर्जशॉपमधल्या पोरांनी वाटून घेतली असं ऐकलं. आता कुणी हसत नव्हतं.

आमचा तो बारा वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर चालत राहिला. मी तो लावणं कमी केलं. नलिनी एकदा म्हणाली, "मी तरी बोलायला हवं होतं. तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते बुद्धपौर्णिमेला. ड्रॉइंग ऑफिसातल्या माझ्या एका सहकाऱ्यानं काळेवाडीच्या विहारात कार्यक्रमाला बोलावलं होतं. मी पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. पत्र्याचा लांबट हॉल, सतरंज्यांवर दाटीनं बसलेली माणसं, पुढं गाणारे. दोन भिंतींवर दोन स्पीकर टांगलेले होते. दाराजवळच्या टेबलावर एक अ‍ॅम्प्लिफायर होता आणि त्याच्याशेजारी स्टुलावर ओव्हाळ. पांढरे कपडे, केस पूर्ण पिकलेले. सहकारी म्हणाला, वर्गणीत बसेल असा अ‍ॅम्प्लिफायर त्यांनीच शोधून आणलाय, स्पीकरही त्यांनीच बसवलेत.

गाणं सुरू झालं. सगळे गाणाऱ्यांकडे बघत होते. ओव्हाळ त्यांच्याकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून बसले होते. एक हात बटणावर होता. ते एकेका चेहऱ्याकडे बघत होते. सावकाश, ओळीनं, शेवटच्या रांगेपर्यंत. एकानं भुवई आखडली तेव्हा त्यांनी बटण किंचित मागं घेतलं, आणि पुन्हा त्याच माणसाकडे पाहिलं. त्याची भुवई सैल झाली तशी नजर पुढं सरकली.

मग ती माझ्यापाशी आली. त्यांनी मला ओळखलं. भुवया किंचित उंचावल्या, विचारल्यासारख्या.

आवाज खरोखरच चांगला होता. पत्र्याखालच्या त्या हॉलमध्ये शब्दन् शब्द कळत होता, कुठं घरघर नव्हती, शिट्टी नव्हती. मी कान देऊन नीट ऐकलं, पुन्हा ऐकलं आणि मान हलवली. चांगलं आहे.

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मग त्यांची नजर माझ्यावरून पुढं गेली, माझ्या शेजारी बसलेल्या एका म्हातारीकडे. ती डोळे मिटून बसली होती आणि मांडीवर हळूहळू हात थोपटत होती. तिच्या त्या हाताकडे ते बराच वेळ बघत राहिले, आणि मग त्यांनी बटणावरची बोटं काढून घेतली.